मोहरीच्या विशेष जाती पेराव्या काय ?

गेल्या दोन-तीन हंगामांत सभासदांकडून जीं पत्रें आलीं, त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार विचारलेला आढळतो. भात निघाल्यावर रिकाम्या पडणाऱ्या जमिनींत, अथवा विहिरीच्या पाण्यावर रब्बीचें जें थोडें क्षेत्र हातीं असतें त्यांत, साध्या मोहरीऐवजीं पिवळी, पांढरी किंवा 'कमी इरूसिक'ची म्हणून सांगितली जाणारी विशेष मोहरी पेरली तर चार पैसे अधिक मिळतील काय ? कित्येकांनीं मुंबईच्या दुकानांतील पुड्यांवरचे भाव उतरून पाठविले आहेत, आणि त्या भावास आपल्या अपेक्षित उताऱ्यानें गुणून आलेला आंकडाही लिहिला आहे. गुणाकार बरोबर आहे. पण तो ज्या दोन आंकड्यांचा केला आहे, त्यांपैकीं पहिला शेतकऱ्याच्या पदरांत पडत नाहीं आणि दुसरा बहुधा राजस्थानांतला असतो. सबब हा विषय थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही विलेपार्ल्यास राहतों. साष्टीच्या या भागांत एके काळीं भातखाचरें व भाजीचे मळे होते. आतां येथें पेरावयास वीतभर जमीन नाहीं, खाणारीं तोंडें मात्र अपार आहेत. तेव्हां माल पिकविण्याच्या नव्हे, तर माल खपण्याच्या दृष्टीनें असें उपनगर शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे. येथील मराठी घरांत फोडणीस बारीक मोहरी लागते, आणि चैत्र-वैशाखांत कैरी आली कीं लोणच्यासाठीं मोहरीची डाळ लागते. गुजराथी घरांतही लोणच्याच्या दिवसांत राईच्या डाळीची अशीच खरेदी होते. बंगाली कुटुंबें मोहरी वाटून माशाला लावतात, आणि त्यांचें व उत्तरेकडून आलेल्या बहुतेकांचें मोहरीच्या तेलावांचून चालत नाहीं. म्हणजे गिऱ्हाईक आहे, आणि तें एका प्रकारचें नाहीं.

परंतु एका घराला लागतें किती ? पाव किलो बारीक मोहरी चार माणसांच्या घरांत महिना-दोन महिने सहज पुरते. इतक्या थोड्या वस्तूच्या भावाची घासाघीस कोणी करीत नाहीं, आणि म्हणूनच पुडीचा भाव शेतमालाच्या भावाच्या दुपटीहून वर राहूं शकतो. तो वरचा पैसा मोहरीचा नसून निवडणीचा, पुडीचा, गाळ्याच्या भाड्याचा आणि पडून राहिलेल्या मालाच्या तुटीचा असतो. ज्याला तो हवा असेल त्यानें तीं कामेंही अंगावर घेतलीं पाहिजेत. नुसतें बियाणें बदलून तो पैसा शेतापर्यंत चालत येत नाहीं.

आतां नांवांचा घोळ मिटविला पाहिजे, कारण बाजारांतले बरेच तंटे नांवांवरूनच होतात. आपल्याकडे मोहरी किंवा राई म्हणून जी पेरली जाते ती बहुतेक तपकिरी दाण्याची भारतीय मोहरी; तिचें शास्त्रीय नांव ब्रासिका जुन्सिया. खरी काळी मोहरी, ब्रासिका नायग्रा, ही निराळी. तिचा दाणा बारीक व वास उग्र. पण झाड उंच वाढतें आणि शेंगा पिकतांच फुटतात, म्हणून यंत्रानें कापणी करणाऱ्या देशांतून ती मागें पडली. उत्तरेकडील पिवळी सरसों ही तिसरी, सलगमाच्या जातीची. युरोप-अमेरिकेंत सौम्य चवीचें पिवळें मस्टर्ड ज्यापासून करतात ती पांढरी मोहरी, सिनॅपिस अल्बा, ही चौथी. तिचा दाणा मोठा व फिकट असतो. शिवाय भारतीय मोहरींतही पिवळ्या दाण्याचे वाण निघाले आहेत. एवढ्या सगळ्यांस आपल्याकडील दुकानदार 'पिवळी' किंवा 'काळी' या दोन शब्दांत मोजतो. म्हणून 'पिवळ्या मोहरीला मागणी आहे' असें कोणी सांगितलें, तर कोणत्या पिवळ्या मोहरीला आणि कशासाठीं, हें पहिल्यानें विचारावें.

हा प्रश्न शब्दच्छलाचा नाहीं. मोहरी फेसतांना नाकांत जो झणका चढतो तो कोरड्या दाण्यांत नसतो. दाण्यांतील सिनिग्रिन नांवाचें द्रव्य आणि त्याचें विघटन करणारें दुसरें एक द्रव्य, हीं दाणा भरडून पाणी लावल्यावर एकत्र येतात, व त्यांपासून उडून जाणारें झणझणीत तेल उत्पन्न होतें. काळ्या व तपकिरी मोहरींत सिनिग्रिन भरपूर असतें. पांढऱ्या मोहरींत त्याच्या जागीं सिनाल्बिन असतें. तिचा तिखटपणा जिभेवर राहतो, नाकांत चढत नाहीं. जी गृहिणी मोहरी फेसून रायतें करते, तिला पांढरी मोहरी फुकट दिली तरी ती दुसऱ्यांदा मागावयाची नाहीं. उलट परदेशी पद्धतीचें मस्टर्ड करणाऱ्या कारखान्यास तीच हवी असते. एकाच रंगाच्या दोन गोण्या, पण एकीचें गिऱ्हाईक दुसरीला हात लावणार नाहीं.

'कमी इरूसिक' मोहरीची गोष्ट याहून वेगळी आहे. आपल्या नेहमींच्या मोहरीच्या तेलांत इरूसिक अम्ल फार, सुमारें चाळीस ते पन्नास टक्के असतें. कित्येक पाश्चात्य देशांत असें तेल खाद्य म्हणून चालत नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें हें अम्ल दोन टक्क्यांखालीं आणलेले वाण काढले. पुसा मोहरी ३० हा त्यांतला, आणि पुसा डबल झीरो मोहरी ३१ मध्यें इरूसिकाबरोबरच सिनिग्रिनासारखीं द्रव्येंही कमी केलीं, जेणेंकरून पेंड कोंबड्यांना व डुकरांनाही चालावी. शास्त्रज्ञांचें हें काम मोलाचें आहे यांत संशय नाहीं. पण शेतकऱ्याच्या बाजूनें पाहतां, तिखटपणाच काढून टाकलेली मोहरी फोडणीच्या, लोणच्याच्या व कच्च्या घाणीच्या तेलाच्या गिऱ्हाइकाला काय कामाची ? ती घेणारा एकच : जो तेलाची तपासणी करतो, आणि निराळ्या साठवणीचा व निराळ्या घाण्याचा खर्च उचलतो. असा कारखाना आपल्या टप्प्यांत नसेल तर ती साध्या मोहरींत मिसळून साध्या भावानें जाते. तिच्यांत आणखी एक मेख आहे. इरूसिक अम्लाचें प्रमाण दाण्यांतील गर्भावर अवलंबून असतें. शेजाऱ्याच्या शेतांत साधी मोहरी असेल आणि मधमाशांनीं तिकडचा पराग आणला, तर त्याच हंगामांतल्या तुमच्या कांहीं दाण्यांत तें अम्ल वाढतें. बियाणें चोख, पीक निर्मळ, आणि तरी प्रयोगशाळेचा दाखला प्रतिकूल, असें होऊं शकतें. ज्यांची जमीन चारी बाजूंनीं दुसऱ्यांच्या बांधांनीं वेढलेली आहे, त्यांनीं या जातीचा नाद करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राहतां राहिली पिवळ्या दाण्याची भारतीय मोहरी. आमच्या मतें विचार करण्याजोगी विशेष मोहरी आपल्या प्रांतापुरती हीच. ती दुरून आणावी लागत नाहीं; पार्ल्याच्याच उपनगर जिल्ह्यांत ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तेथील शास्त्रज्ञांनीं किरणोत्साराच्या साह्यानें मोहरीचे कित्येक वाण निर्माण केले. त्यांपैकीं टीपीएम-१ हा पिवळ्या दाण्याचा व भुरी रोगास बऱ्यापैकीं तोंड देणारा वाण २००७ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसृत झाला. पिवळ्या दाण्याचें टरफल पातळ असतें. त्यामुळें तेलाचा अंश थोडा अधिक आणि पेंडींत चोथा कमी. वाटलेल्या मोहरीचा रंग उजळ येतो, हें लोणचीं व मसाले करणाऱ्यांस आवडतें. आणखी एक उपयोग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. मोहरीच्या शेतांत पिवळा धोतरा हें तण उगवतें. त्याचें बीं काळपट व गोल असून काळ्या-तपकिरी मोहरींत मिसळलें तर डोळ्याला दिसत नाहीं. त्याच्या तेलाच्या भेसळीनें १९९८ सालीं दिल्लींत जलोदराची सांथ आली व साठांहून अधिक माणसें दगावलीं. पिवळ्या मोहरींत हें बीं लपत नाहीं, निवडून काढतां येतें.

परंतु जो गुण निवडणाऱ्याच्या सोयीचा, तोच विकणाऱ्याच्या गैरसोयीचा. पिवळ्या ढिगांत तपकिरी दाणाही लपत नाहीं. शहापुराकडील आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एकरभर पिवळी मोहरी केली. माल स्वच्छ निघाला. एका व्यापाऱ्यानें तो वाखाणून वाढीव भावानें घेतला, आणि 'पुढल्या सालीं असेल तेवढी आणा' असें तोंडी सांगितलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं घरचेंच बीं तीन एकरांत टाकलें. खळ्यावर ढीग पडला तो कबऱ्या रंगाचा. व्यापाऱ्यानें मूठभर माल तळहातावर पसरून पाहिला आणि साध्या मोहरीचा भाव सांगितला. पुढें पंधरा दिवस वाट पाहून तो त्यांना पत्करावा लागला. त्यांना वाटलें, बियाणें देणाऱ्यानें फसविलें. वस्तुतः तसें कांहीं नव्हतें. दाण्याचें टरफल हें आईच्या झाडाचें अंग असतें. म्हणून परपराग आला तरी त्या वर्षींचा दाणा पिवळाच राहतो, संकर दिसतो तो पुढील वर्षीं, घरचें बीं पेरल्यावर. तपकिरी रंग पिवळ्यावर जोर करतो, म्हणून थोडी मिसळही डोळ्यांत भरते. यास्तव पिवळ्या मोहरीचें बियाणें दरसाल खात्रीच्या ठिकाणाहून नवें घ्यावें, फुलोऱ्यापूर्वीं परकीं झाडें उपटावीं, आणि खळें, चाळण्या व गोण्या स्वतंत्र ठेवाव्या. मळणीयंत्र दुसऱ्याच्या शेतांतून आलेलें असेल तर पहिली पायली वेगळी काढावी. हें सर्व खर्चाचें काम आहे.

खर्चाकडे वळतां मोहरीइतकें फसवें पीक थोडेंच असेल. एकराला बीं दीड ते दोन किलो पुरतें, त्यामुळें पेरणीच्या दिवशीं खिसा हलका होत नाहीं आणि पीक स्वस्ताचें वाटतें. पुढें मात्र एकेक बाब उघडी पडते. पेरा फेकून केला तर विरळणीला मजूर लागतात. न केली तर झाडें दाटून काडी होतात. हेक्टरीं पन्नास किलो नत्र व चाळीस किलो स्फुरद द्यावें असें सांगतात, आणि मोहरी ही गंधकाची भुकेली असल्यामुळें जिप्सम अथवा गंधकयुक्त खत दिल्याशिवाय तेल भरत नाहीं. पाण्याच्या दोन-तीन पाळ्या हव्या. त्यांपैकीं फुलोऱ्याची व दाणे भरण्याची चुकली तर पहिली दिली काय नि न दिली काय सारखेंच. पौषांत ढगाळ हवा पडली कीं मावा चढतो, आणि आठवडाभर दुर्लक्ष झालें तर शेंडे काळे पडून बसतात. फवारा मारावाच लागला तर तो सायंकाळीं मारावा, कारण दिवसा त्या फुलांवर मधमाशा असतात, व त्यांच्यावांचून शेंग नीट भरत नाहीं. शेवटीं कापणी. शेंगा पूर्ण वाळेपर्यंत थांबलें तर दाणा शेतांतच गळतो. म्हणून तीन चतुर्थांश शेंगा पिवळ्या होतांच दंव असतांना सकाळीं कापावें लागतें, आणि त्या दोन-चार सकाळीं गांवांतल्या साऱ्या मजुरांस दुसरीकडेही बोलावणें असतें.

उदाहरणादाखल, घरच्या माणसांची मजुरी धरून एकरीं एकंदर खर्च १४,००० रुपये आला असें समजूं. प्रत्येकानें आपल्या वहींतला खरा आंकडा येथें घालावा, रीत तीच. एकरीं सहा क्विंटल उतारा पडला तर क्विंटलामागें खर्च सुमारें २,३३३ रुपये. तीन क्विंटल पडला तर ४,६६७. दोनच क्विंटल पडला तर ७,००० रुपये. या शेवटच्या ओळींत आपल्याकडील बहुतेक मोहरीचा खरा हिशेब आहे. देशाची सरासरी हेक्टरीं चौदा-पंधरा क्विंटल, म्हणजे एकरीं सहाच्या आंतबाहेर येते. ती राजस्थान, हरियाणा, मध्यप्रदेश येथील थंड रात्रींची व त्या पिकांत मुरलेल्या हातांची सरासरी आहे. महाराष्ट्राची सरासरी तिच्या निम्म्यालाही पोंचत नाहीं. मोहरीस थंडी लागते. कोंकणपट्टींत हिवाळ्यांतही दिवसाची ऊब फारशी कमी होत नाहीं, व सकाळच्या दंवानें भुरीला आमंत्रण मिळतें. विदर्भांत नागपूर-भंडाऱ्याकडे भातानंतर ती बरी येते, आणि नागपूरच्या कृषि महाविद्यालयानें त्या भागासाठीं एसीएन-९, म्हणजे 'शताब्दी', हा वाणही काढलेला आहे. पण तेथेंही पेरणी आश्विन-कार्तिकाच्या संधीला साधली तरच.

सरकारी आंकडे वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामासाठीं केंद्र सरकारनें मोहरीचा हमीभाव ५,९५० रुपये ठरविला, आणि उत्पादनखर्च क्विंटलला ३,०११ रुपये धरून खर्चावर ९८ टक्के नफा सुटतो असें जाहीर केलें. पुढील हंगामासाठीं तो भाव ६,२०० रुपये झाला. वर्तमानपत्रांत ९८ टक्के हा आंकडा ठळक छापला जातो. त्याखालचा ३,०११ हा कोणाचा खर्च, हें कोणी छापीत नाहीं. तो साऱ्या देशाचा भारित मध्य आहे, आणि त्यांत वजन अर्थातच उत्तरेकडील प्रांतांचें. शिवाय हमीभावाची प्रत्यक्ष खरेदी मुख्यतः त्याच प्रांतांत होते. आपल्या तालुक्यांत मोहरीचें खरेदीकेंद्र उघडणार नसेल, तर हमीभाव हा आपल्यापुरता एक छापील आंकडा आहे.

आतां या हिशेबांत विशेष मोहरी घालूं. पिवळ्या मालास साध्याहून क्विंटलामागें हजार रुपये अधिक मिळाले असें मानूं, आणि उतारा तीन क्विंटल. एकरीं तीन हजारांचा वाढावा झाला. त्यांतून नवें बियाणें, झाडें उपटण्याची मजुरी, निराळी मळणी, चाळणी-निवडणी, नमुने घेऊन केलेल्या खेपा हें सर्व वजा करावयाचें. आणि अर्धा क्विंटल उतारा कमी पडला, तर सहा हजारांच्या भावानें तेवढ्यांतच सारे तीन हजार गेले. याशिवाय तीन हंगामांतून एकदां माल नापसंत होणार असें धरून चालावें. म्हणजे हजाराचा वाढावा मुळांतच सरासरीनें सातशेंच्या आंत येतो. ज्याचा उतारा एकरीं पांच-सहा क्विंटल आहे त्याला ही जोखीम पेलते. ज्याचा दोन-तीन आहे त्यानें आधीं उतारा वाढवावा, रंग मागाहून पाहावा.

आणि तुलना करावयाची ती साध्या मोहरीशींही नव्हे. त्या जमिनींत एरवीं जें पीक आलें असतें त्याच्याशीं. २०२५-२६ सालीं हरभऱ्याचा हमीभाव ५,६५० रुपये होता, म्हणजे मोहरीहून अवघे तीनशें कमी; त्याला नत्राची फारशी गरज नाहीं, आणि मागें जमीन सुधारते. रायगडाकडे भातानंतरच्या ओलीवर वाल येतो, त्याला पाण्याची पाळीही लागत नाहीं, व त्याचें गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें आहे. पार्ल्याच्या मंडईंत सोललेले कडवे वाल कोणत्या भावानें जातात हें ज्यानें पाहिलें आहे, तो वालाची जमीन मोहरीस देण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

भावाच्या चढउताराविषयीं थोडें लिहिणें जरूर आहे. साध्या मोहरीचा भाव मोहरीच्या पिकावर ठरतो असें मानणें चूक. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्यामुळें मलायांतील पाम तेल व दक्षिण अमेरिकेंतील सोयाबीन यांचे भाव, आणि त्यांवरील आयातकर, हे आपल्या शेतांतल्या मोहरीचा भाव ठरवितात. २०२१ सालीं मोहरी ७,००० रुपयांच्या वर गेली. त्या सालचा हमीभाव ४,६५० होता. पाहून लोकांनीं पेरा वाढविला. २०२३ च्या मार्चांत राजस्थानांतील कित्येक मंड्यांत नवी मोहरी ५,४५० च्या हमीभावाखालीं विकली गेली. सप्टेंबर २०२४ मध्यें कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातकर शून्यावरून २० टक्के झाला. नऊ महिने पुरे होण्याच्या आंत, मे २०२५ अखेर, तो १० टक्क्यांवर आला. पेरणीच्या वेळचा कर कापणीच्या वेळीं राहील याची खात्री कोणी देऊं शकत नाहीं. आगाऊ भाव बांधून घेण्यास वायदेबाजार असे, पण मोहरीच्या वायद्यांवर २०२१ सालीं बंदी आली व ती वेळोवेळीं वाढविली गेली.

तरी साध्या मोहरीस एक आधार आहे : कोणत्याही दिवशीं, कोणत्याही मोठ्या बाजारांत, ती कोणी ना कोणी घेतोच. जयपुराकडे ४२ टक्के तेलाच्या मालाचा भाव निघतो आणि त्यावरून बाकीच्यांचा काढतां येतो. विशेष मोहरीस असा निघालेला भाव नाहीं. वाशीच्या बाजारांत तिचे घेणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि ते एकमेकांस ओळखतात. असा अरुंद बाजार कसा वागतो याचें मोठें उदाहरण परदेशांत नुकतेंच घडलें. मसाल्याची मोहरी पिकविणारा जगांतला प्रमुख देश कॅनडा, त्यांतही सस्कॅचेवान प्रांत. फ्रान्समधील दिजाँ मस्टर्डचे कारखाने बहुतेक बीं तेथूनच आणतात. २०२१ च्या उन्हाळ्यांत कॅनडांत भयंकर अवर्षण पडलें व मोहरीचें पीक जवळजवळ निम्म्यावर आलें. २०२२ सालीं फ्रान्सच्या दुकानांतून मस्टर्डच्या बरण्या नाहींशा झाल्या, बियांचे भाव कधीं नव्हे इतके चढले. ते पाहून कॅनडांतल्या शेतकऱ्यांनीं २०२२ व २०२३ या दोन्ही सालीं पेरा भराभर वाढविला, आणि भाव खालीं आले. ज्यांनीं २०२१ सालीं मोहरी विकली ते थोडे होते, कारण त्या सालीं विकावयास मालच थोडा होता; ज्यांनीं मागाहून पेरली त्यांना तो भाव भेटला नाहीं.

त्याच अवर्षणांत कॅनडांत दुसरीही एक गोष्ट झाली, ती करार करणाऱ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्यांनीं ठराविक वजनाचा माल देण्याचे करार केले होते, त्यांतल्या अनेकांस पीक न आल्यामुळें भावांतला फरक पदरचा भरावा लागला. एकराचा करार आणि क्विंटलांचा करार यांत एवढें अंतर आहे. एकराच्या करारांत जेवढें पिकेल तेवढें द्यावयाचें. क्विंटलांच्या करारांत आकाश कोसळलें तरी वजन भरून द्यावयाचें. आपल्याकडे जो कोणी विशेष मोहरीची बोली घेऊन येईल त्याला प्रथम हा प्रश्न करावा. मग भाव कोणता धरावयाचा, बांधलेला कीं बाजाराहून अमुक अधिक. तपकिरी दाणा शेंकडा किती चालेल व तो कोणी मोजावयाचा. माल नाकारला तर परत आणण्याचें भाडें कोणाचें. आणि पैसे किती दिवसांत. उत्तरें कागदावर मिळत नसतील तर तो गृहस्थ बियाणें विकावयास आलेला आहे, मोहरी घ्यावयास नव्हे. कोणी 'नवी जनुकीय संकरित मोहरी' म्हणून पिशवी पुढें करील तर ती मुळींच घेऊं नये. धारा मोहरी संकरित-११ या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्यें तज्ज्ञ समितीची शिफारस मिळाली खरी, पण जुलै २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्याविषयीं मतभेद झाला; तें बियाणें विक्रीस मोकळें झालेलें नाहीं.

करार कितीही चांगला असला तरी एकाच घेणाऱ्यावर सारें क्षेत्र टाकूं नये. पार्ल्याचें नांव ज्या बिस्किटांनीं देशोदेशीं नेलें, तो १९२९ सालीं निघालेला येथील कारखाना २०१६ सालीं बंद झाला. कंपनी चालू आहे, बिस्किटें दुसरीकडे होतात. पण या एका जागेवर अवलंबून असणाऱ्यांस तेवढ्यानें काय? मोठ्या घेणाऱ्याला आपला मुक्काम हलवितां येतो, शेतकऱ्याला बांध उचलतां येत नाहीं.

मग करावें तरी काय ? ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे आणि साधी मोहरी एकरीं चार क्विंटलांच्या वर उतरते, त्यांनीं पिवळी मोहरी पांच-दहा गुंठ्यांत करून पाहावी, त्याहून अधिक नको. क्षेत्र ठरविण्याचा आमचा नियम सोपा आहे : सारा माल साध्या मोहरीच्या भावानें विकावा लागला तरी घरचा वर्षाचा मेळ बिघडणार नाहीं, एवढेंच क्षेत्र. इतरांनीं जुन्या पद्धतीप्रमाणें हरभऱ्यांत पांच-सहा ओळींनंतर एक ओळ मोहरीची टाकावी. घरची मोहरी निघते, खर्च वेगळा पडत नाहीं, आणि मावा आधीं मोहरीवर दिसत असल्यामुळें नजर राहते.

पिवळ्या मोहरीचा खरा वाढावा गोणींत नसून डाळींत आहे असें आम्हांला वाटतें. मोहरी माघ-फाल्गुनांत निघते आणि लोणच्याची कैरी चैत्र-वैशाखांत येते. मधले दोन महिने माल सुकविण्यास, भरडण्यास व पाखडण्यास नेमके पुरतात. आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक लहान भरडयंत्र घेतलें, अन्नसुरक्षेची नोंदणी केली, पुडीवर वजन, तारीख व पत्ता कायद्याप्रमाणें छापला, आणि पार्ले, गोरेगांव, मुलुंड, ठाणें या बाजूच्या गृहसंस्थांतून लोणच्याच्या हंगामापुरती विक्री केली, तर पुडीच्या भावांतला बराच वांटा त्यांच्या हातीं येईल. डाळ फार दिवस ठेवली तर तिचा झणका उतरतो. म्हणून मागणी आधीं नोंदवून घ्यावी व तेवढीच भरडावी. उरलेली मोहरी अख्खी ठेवावी. ओल आठ टक्क्यांच्या आंत असेल तर ती पुढील वर्षापर्यंत टिकते. हा उद्योग शेतीहून निराळा आहे, त्याला दुकानदाराची जीभ व कारकुनाची वही लागते. ज्या गटांत असा एक तरी मनुष्य नाहीं, त्यानें यांत पडूं नये.

पेरणीचा काळ आश्विनाच्या उत्तरार्धापासून कार्तिकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे साधारणतः १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, धरावा. ज्या सभासदांस पिवळ्या मोहरीचा लहान प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं नवरात्रापूर्वीं कळवावें, म्हणजे बियाण्याची चौकशी एकत्र करतां येईल; पालघराकडील मंडळींनीं कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्लाही अवश्य घ्यावा. पत्रांत जमिनीचा प्रकार, पाण्याच्या किती पाळ्या शक्य आहेत, मागील दोन वर्षांचा कोणत्याही रब्बी पिकाचा उतारा, आणि शेजारीं मोहरी पेरली जाते किंवा नाहीं, हें लिहावें. ज्यांच्याकडे गेल्या हंगामाची पिवळी मोहरी शिल्लक असेल त्यांनीं तिचा पाव किलो नमुना पाठवावा, मात्र तो खळ्यावरून उचलला असेल तसाच, न निवडतां.